वर्क अँड हॉलिडे व्हिसावर ऑस्ट्रेलिया: कमी पैशांत वर्ष कसं काढायचं

मी ऑस्ट्रेलियात नेमकं काय करत होते, हे आमच्या चिपळूणच्या शेजाऱ्यांना अजून कळलेलं नाही. "शिकायला गेलेलीस?" नाही. "नोकरी लागली होती?" तशी नाही. "मग फिरायला? वर्षभर?" इथे आईच विषय बदलते.

खरं उत्तर असं आहे: वर्षभर राहायचं, मिळेल ते काम करायचं आणि त्याच पैशांत देश बघायचा. भारत आणि ऑस्ट्रेलियाचा व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला. त्यातून भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसा, म्हणजे सबक्लास ४६२, सप्टेंबर २०२४ मध्ये खुला झाला. वर्षाला फक्त १,००० जागा. मी पहिल्याच फेरीत नाव नोंदवलं, नंबर लागला आणि मार्च २०२५ मध्ये पर्थला उतरले. तेव्हा हे करून आलेलं कोणी ओळखीचं नव्हतं, त्यामुळे चुका माझ्या मीच केल्या. तुम्ही त्या करू नयेत म्हणून हे लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. मी पहिले तीन आठवडे कॉफीचे चार डॉलर वाचवत बसले आणि त्याच तीन आठवड्यांत कामाविना राहून बाराशे डॉलर घालवले. या व्हिसावर पैसे खाण्यापिण्यात जात नाहीत, रिकाम्या आठवड्यांत जातात.

१. आधी लॉटरी

वय १८ ते ३० पूर्ण. एकतिसावा वाढदिवस झाला की संपलं. सोबत मुलंबाळं नेता येत नाहीत. बारावीनंतर किमान दोन वर्षांचं पदवीचं शिक्षण झालेलं हवं. हे जमत असेल तर ऑस्ट्रेलियाच्या गृह खात्याच्या साइटवर इमिअकाउंट, म्हणजे व्हिसाचं ऑनलाइन खातं, उघडायचं आणि नोंदणीची खिडकी खुली असेल तेव्हा लॉटरीत नाव टाकायचं. माझ्या वेळी ती १ ते ३१ ऑक्टोबर होती. पुढच्या वेळच्या तारखा गृह खात्याच्याच साइटवर बघा, कुणाच्या फॉरवर्डवर विसंबू नका. फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, परत मिळत नाही. पासपोर्ट आणि पॅन कार्ड दोन्ही हाताशी लागतात.

इथलाच पहिला सापळा. "आमच्याकडून फॉर्म भरा, नंबर नक्की" असं सांगणारे एजंट मला दोन भेटले. एकाने चाळीस हजार मागितले. नंबर कॉम्प्युटर काढतो, एजंट काढत नाही. फॉर्म वीस मिनिटांचा आहे आणि एका माणसाला एकदाच भरता येतो.

नंबर लागल्याचा ईमेल आला की मुख्य अर्जाला २८ दिवस मिळतात. बहुतेकांची धावपळ इथे होते, म्हणून पुढची पायरी लॉटरीचा निकाल लागायच्या आधी करायची.

२. कागद, आणि त्यावरची आपली नावं

यादी छोटी आहे:

- पासपोर्ट, मुदत भरपूर शिल्लक असलेला
- पॅन कार्ड
- पदवी प्रमाणपत्र किंवा किमान दोन वर्षांच्या गुणपत्रिका
- इंग्रजीचा पुरावा
- बँक स्टेटमेंट: ५,००० डॉलर आणि परतीच्या तिकिटाइतके पैसे
- पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पासपोर्ट सेवेकडून (मागतील तेव्हा धावण्यापेक्षा आधी काढलेलं बरं)
- बायोमेट्रिक्स आणि सांगितलंच तर मेडिकल

आता मराठी माणसाचा खास घोळ. पासपोर्टवर माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं आणि शेवटी आईचं नाव. पदवीवर पुन्हा आईचं नाव. पॅनवर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. आपल्याला ही चारही नावं एकाच मुलीची वाटतात, परदेशातल्या अधिकाऱ्याला चार मुली दिसतात. मी नोटरीकडून "ही सर्व नावे एकाच व्यक्तीची" असं इंग्रजीतलं प्रतिज्ञापत्र करून जोडलं. खर्च पाचशेच्या आत. पॅन दुरुस्त करायला वेळ असेल तर ते पासपोर्टसारखं करूनच घ्या. आणि अर्जात वडिलांचं नाव 'मिडल नेम' म्हणून स्वतःच्या मनाने वेगळं काढू नका. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात जे आहे ते अक्षर न अक्षर तसंच.

इंग्रजीचं म्हणाल तर 'फंक्शनल' पातळी पुरते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सरासरी ४.५, म्हणजे डोक्याला फार ताप नाही. शाळा इंग्रजी माध्यमातली असेल तर शाळेच्या पत्रावरही भागू शकतं. माझी शाळा मराठी. पत्रांच्या खटाटोपात न पडता मी परीक्षा दिली आणि मोकळी झाले.

बँक स्टेटमेंटबद्दल एवढंच की आदल्या आठवड्यात काकांनी टाकलेले तीन लाख सगळ्यांना दिसतात. पैसे काही महिने आधीपासून खात्यात असू द्या.

३. निघण्याआधी किती लागले

डॉलर ५५ रुपये धरून माझा हिशेब असा होता. व्हिसा फी ६५० डॉलर, म्हणजे पस्तीस हजारांच्या पुढे. ही फी दर जुलैला वाढते, तुम्ही जाल तेव्हाची बघा. परीक्षा सतरा हजार. मुंबई ते पर्थ, क्वालालंपूरमार्गे, एका बाजूचं तिकीट अठ्ठावीस हजार. विमा वीस हजार. आणि हातात ५,००० डॉलर, म्हणजे पावणेतीन लाख. हे पाच हजार निव्वळ दाखवायचे नाहीत, ते खरोखर लागतात. दाखवून परत करायच्या बोलीवर उसने घेऊन आलेला एक मुलगा मला हॉस्टेलात भेटला होता. बिचारा पंधराव्या दिवशी मिळेल त्या भावाने राबत होता.

विम्यात एक ओळ नीट वाचा. साध्या प्रवासविम्यात अंगमेहनतीच्या कामातली दुखापत बहुधा वगळलेली असते. कामावर झालेल्या इजेचा खर्च तिथल्या मालकाच्या विम्यातून निघतो, पण सुट्टीच्या दिवशी पाय मोडला तर तो तुमचा. भारतीयांना तिथली सरकारी मेडिकेअर मिळत नाही, आणि अँब्युलन्सचंही बिल येतं.

पर्थच का? एक तर आपल्याला ते सिडनी-मेलबर्नपेक्षा जवळ आणि स्वस्त पडतं. दुसरं, मला उत्तरेकडे जायचं होतं. सगळे सिडनीला उतरतात, तिथे खोलीभाडं सर्वात जास्त आणि कॅफेच्या प्रत्येक नोकरीमागे रांग.

४. बॅग, आणि आईने भरलेला डबा

ऑस्ट्रेलियाची जैवसुरक्षा तपासणी गमतीत घेऊ नका. पेढे, बर्फी, दुधाची कुठलीही मिठाई घरीच ठेवा. कढीपत्ता, ताजी फळं, पेरता येईल असं कुठलंही बी, हार-फुलं, सगळं घरीच. कंपनीच्या बंद पाकिटातला मसाला, लोणचं चालू शकतं, पण उतरताना भरायच्या कार्डावर 'खाद्यपदार्थ आहेत' या प्रश्नाला 'हो'च लिहायचं. लिहिलंत तर फार तर वस्तू काढून घेतात. लपवलंत तर जबर दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. माझा गोडा मसाला मी पाकीट उघडून दाखवला. अधिकाऱ्याने वास घेतला, शिंकला आणि जाऊ दिलं.

बाकी सामानात तीन लिटरचा कुकर नेला, हा मी घेतलेला सर्वोत्तम निर्णय. पहिली शिट्टी झाली तेव्हा हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातून दोन जर्मन मुलं बाहेर पळाली, पण आठवड्याभरात तीच वरण-भाताच्या वेळेला ताटली घेऊन उभी असायची. कामाचे बूट तिथेच घ्या. थंडीचे कपडेही तिथेच, विनीज किंवा साल्वोज या धर्मादाय दुकानांत दहा डॉलरला जॅकेट मिळतं.

५. पहिले दहा दिवस

क्रमाने करा, कारण एक अडलं की पुढचं अडतं.

सिम: शहरांपासून दूर गेलं की टेल्स्ट्राच्या नेटवर्कशिवाय फारशी रेंज नाही. बूस्ट कंपनी तेच पूर्ण नेटवर्क स्वस्तात देते. मी सुरुवातीला दुसरंच स्वस्त सिम घेतलं आणि उत्तरेकडच्या ब्रूम गावाच्या रस्त्यावर दीड दिवस घरच्यांना माझा पत्ता नव्हता.

बँक: मोठ्या बँकांत खातं भारतातूनच ऑनलाइन सुरू करता येतं, तिथे जाऊन फक्त ओळख पटवायची.

टीएफएन: हा करखात्याचा नंबर. तिथल्या करखात्याच्या साइटवर फुकट मिळतो. 'त्वरित टीएफएन' म्हणून शंभर डॉलर घेणाऱ्या साइट शोधात वर येतात, त्यांना भुलू नका. हा नंबर दिला नाही तर पगारातून सर्वात चढ्या दराने कर कापला जातो.

प्रमाणपत्र: बार किंवा दारू देणाऱ्या हॉटेलात काम करायचं तर आरएसए, बांधकामावर जायचं तर व्हाइट कार्ड. आरएसएचे नियम राज्यागणिक वेगळे, म्हणून आधी राज्य ठरवा, मग कोर्सचे पैसे भरा.

पर्थमध्ये मध्यवर्ती भागात कॅट बसेस फुकट आहेत, आणि स्मार्टरायडर कार्डावर रविवारचा प्रवास फुकट. मेलबर्नला शहराच्या मधल्या भागात ट्राम फुकट, ब्रिस्बेनला बस-ट्रेनचं तिकीट ५० सेंट. नोकरीच्या मुलाखतींना फिरताना याचा फार उपयोग होतो.

६. हंगामाच्या मागे चाला

ही पायरी नीट वाचा. बाकीची घाईत वाचली तरी चालेल.

या व्हिसावर साधारणपणे एका मालकाकडे सहा महिनेच काम करता येतं, काही कामांना सूट आहे. म्हणजे वर्षात दोन-तीनदा जागा बदलणं आलंच. मग ते बदलणं हंगामाशी जुळवा. ऑस्ट्रेलियाचे ऋतू आपल्या उलटे, आणि उत्तर-दक्षिण अंतर एवढं की कुठे ना कुठे हंगाम चालूच असतो. माझं वर्ष असं गेलं:

एप्रिलअखेर ते सप्टेंबर: ब्रूम. वायव्य किनाऱ्यावरचं पर्यटकांचं गाव. तिकडचा कोरडा हंगाम म्हणजे हॉटेलांची चांदी. मी खोल्या आवरल्या, नंतर स्वयंपाकघरात गेले.

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर: कॅथरिन, डार्विनच्या दक्षिणेला सव्वातीनशे किलोमीटर. आंबा.

डिसेंबर-जानेवारी: टास्मानिया, ह्युऑन खोरं. चेरी.

द्राक्षं हवी असतील तर फेब्रुवारी-मार्चात मिल्ड्युरा, नाशपती हवी तर साधारण त्याच सुमारास शेपर्टन. क्वीन्सलंडच्या टली-इनिसफेल भागात केळी बारमाही. सरकारचीच 'हार्वेस्ट ट्रेल' नावाची सेवा आहे. कुठे कोणतं पीक कधी, ते तिथे महिन्यावार दिलेलं असतं. एक काम संपायच्या महिनाभर आधी पुढच्याला फोन करायला लागा. पीक सुरू झाल्यावर पोचलात तर खोल्या भरलेल्या असतात.

आंब्याबद्दल लिहायलाच हवं. आमच्या घरचं कलमांचं बागायत, त्यामुळे मी फुशारकीने गेले. आपल्याकडे झेल्याने देठासकट एकेक फळ उतरवायचं. तिथे लांब ताडपत्री लावलेलं मशीन झाडाला भिडवतात, माणसं दोन्हीकडून फळं तोडून त्यावर टाकतात आणि साबणासारखं पाणी सतत वाहत असतं, चीक धुऊन जावा म्हणून. तरीही चीक उडतोच. उकाडा चाळिशीच्या आसपास, पाऊस येतो येतो म्हणतो आणि येत नाही. ज्यांना कधी चीक लागला नव्हता त्यांचे हात-तोंड तिसऱ्या दिवशी सुजले, दोघं काम सोडून गेले. लांब बाह्या, हातमोजे, मानेला फडकं, आणि सुट्टी झाली की लगेच अंघोळ. कोकणातल्यांना हे सांगायला नको, देशावरच्यांना सांगतेय.

मजुरी. माझ्या वेळी, १ जुलै २०२५ पासून, तिथलं किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर होतं, आणि कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या, कामगाराला त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे ३१ च्या पुढे. फळतोडीत नगावर किंवा पेटीवर मजुरी असली तरी एप्रिल २०२२ पासून तासाचं किमान वेतन द्यावंच लागतं. हे वाक्य पाठ करा. टास्मानियात आमच्या कंत्राटदाराने पहिल्या आठवड्यात बादलीमागे असा दर लावला की माझे तासाला सतरा पडले. मी रोजचे तास वहीत लिहिले होते, सुरुवातीची आणि शेवटची वेळ घालून. ते दाखवून विचारलं तेव्हा फरक मिळाला. ज्यांच्याकडे वही नव्हती त्यांना नाही मिळाला.

दुसरा सापळा आपल्याच माणसांचा, लिहिताना वाईट वाटतं. पर्थमध्ये एका भारतीय हॉटेलवाल्याने "आपलीच मुलगी आहेस" म्हणत तासाला चौदा डॉलर रोख देऊ केले. जेवण फुकट. रोख घेतलेल्या कामाला पगाराची पावती नाही, आणि पावती नाही तर ते काम कागदावर झालेलंच नाही. पगार झाल्यावर एका कामाच्या दिवसात पावती देणं मालकाला बंधनकारक आहे. तक्रार करायची तर फेअर वर्क ओम्बड्समन या सरकारी कार्यालयाकडे, व्हिसा कोणताही असो. क्वीन्सलंड, व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियात कामगार पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडे परवाना लागतो, त्याचं नाव सरकारी यादीत आहे का ते आधी बघा.

पावत्या जपण्याचं आणखी एक कारण. ठरावीक भागात ठरावीक प्रकारचं काम तीन महिने केलं की दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मागता येतो, आणि त्याला पुन्हा लॉटरी नाही. उत्तरेकडचं हॉटेलकाम त्यात धरतात, शेतीही धरतात, पण गावाचा पिनकोड यादीत आहे का ते तपासल्याशिवाय जाऊ नका. पर्थमधल्या कॅफेत वर्ष काढलंत तर त्यातला एक दिवसही धरला जात नाही. शिवाय आठवड्यात दोनच दिवस काम केलं तर पूर्ण आठवडा मोजत नाहीत.

७. राहणं आणि खाणं

शहरात हॉस्टेलचा बंक रात्रीला ४० ते ६० डॉलर. दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहायचं तर घरातली एखादी खोली बघा. न पाहिलेल्या खोलीचे पैसे पाठवायचे नाहीत. "मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो" हा मजकूर मला तीनदा आला, तिन्ही वेळा फोटो वेगळे आणि इंग्रजी तेच.

गावाकडे मालकच राहायची जागा देतो आणि पगारातून कापतो. होकार देण्याआधी तीन प्रश्न: आठवड्याला किती, खोलीत किती जण, आणि पावसाने काम बंद राहिलं तरी भाडं कापणार का? तिसऱ्या प्रश्नाला लोक अडखळतात. अडखळले की तो आकडा धरूनच हिशेब करा.

खाण्याचं सोपं आहे. आल्डी स्वस्त, कोल्स आणि वूलवर्थ्समध्ये संध्याकाळी पिवळ्या चिठ्ठीचा, म्हणजे किंमत उतरवलेला, माल. तूरडाळ, तांदूळ, पोहे शहरातल्या भारतीय दुकानातून घेऊन मगच आडगावी जा. सार्वजनिक बागांत विजेच्या शेगड्या फुकट असतात, त्यावर मी थालीपीठ लावलंय. आठवड्याला सत्तर डॉलरात मी व्यवस्थित जेवत होते.

एकटं वाटायला लागलं तर सिडनीत मराठी असोसिएशन, म्हणजे 'मासी', आणि मेलबर्नकडे महाराष्ट्र मंडळ व्हिक्टोरिया आहे. त्यांच्या कार्यक्रमांना जरूर जा. पण खोली आणि नोकरी तिथे मिळेलच असं गृहीत धरून नाही.

८. अंतरं

नकाशावर बोटभर दिसतं ते पर्थ-ब्रूम अंतर बावीसशे किलोमीटर आहे. ब्रूमहून कॅथरिन आणखी दीड हजारांच्या वर. गाडी घ्यायची तर दोन डॉलरची पीपीएसआर तपासणी करा, आधीच्या मालकाचं कर्ज त्या गाडीवर आहे का ते कळतं. मी गाडी घेतली नाही. ब्रूमहून निघताना हॉटेलातल्या तिघींबरोबर पेट्रोल वाटून गेले. आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, पण दिवस मावळल्यावर कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून अंधारात चालवू नका. परवाना इंग्रजीत असला तरी आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवा.

फिरायची युक्ती म्हणजे रिलोकेशन. भाड्याच्या कॅम्परव्हॅन एका शहरात सोडलेल्या असतात आणि कंपनीला त्या दुसरीकडे हव्या असतात. दिवसाला एक-दोन डॉलरात मिळतात, कधी पेट्रोलचेही थोडे पैसे देतात. दिवस मोजकेच असतात आणि वयाची अट असते. मेलबर्नहून सिडनीला मी अशीच गेले, राहणं आणि प्रवास एकाच भाड्यात.

९. परत येताना

तिथलं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत. ४५,००० डॉलरपर्यंत पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर, मालकाने जास्त कापला असेल तर परत मिळतो. पगारावर मालक १२ टक्के 'सुपर', म्हणजे आपल्या पीएफसारखं, वेगळं भरतो. देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर ते मागता येतं, पण या व्हिसावाल्यांना त्यावर ६५ टक्के कर लागतो. शंभरातले पस्तीस हातात. तेवढेही सोडू नका, माझं परतीचं तिकीट त्यातून फिटलं.

फक्त निघण्याच्या आदल्या दिवशी उत्साहाच्या भरात तिथलं बँक खातं बंद करू नका. सुपरचे आणि कराचे पैसे नंतर येतात. सुपर फंडाला दिलेला फोन नंबर तिथला असेल तर त्याऐवजी आधी ईमेल देऊन ठेवा, नाहीतर ओटीपी जाईल पर्थच्या सिमवर आणि तुम्ही बसाल चिपळुणात.